दक्षिणेला पाय

केरबाअण्णा ही गोष्ट अंधार पडल्यावरच सांगायचे. पोरं जवळ सरकून बसली की म्हणायचे, "लालासाहेब माझा सख्खा आतेभाऊ. खोटं बोलला असता, तर मला कळलं असतं." मग पुढं सांगू लागायचे.

बहात्तर सालची कार्तिकातली अमावास्या. शिराळ्याकडचा लालासाहेब पलटणीतून सुट्टीवर आला होता. त्याच्या सोबत्याची, कृष्णातची ट्रंक घेऊन तो आटपाडीजवळच्या वाडीवर गेला. वर्षामागं लढाईत नदी ओलांडताना कृष्णातला गोळी लागली आणि धारेनं त्याला नेलं. पलटणीनं घरी कळवलं होतं. पण त्याची आई हरणाबाई म्हणायची, डोळ्यानं बघितलेला माणूस येऊन सांगंल तवाच मानीन. तोवर ना दहावं, ना तेरावं.

बघितलं होतं लालासाहेबानं. तेच सांगायला तो आला होता.

म्हातारीनं गरम भाकरी वाढली, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. कृष्णात कसा आहे, हे तिनंही विचारलं नाही. सोप्यात घोंगडं अंथरलं. उशी दाराकडं, उगवतीला ठेवली.

"दक्षिणेला पाय करू नगंस, लेकरा. ती मेल्या माणसाची दिशा."

मध्यरात्री त्याला थंडीनं जाग आली. पाय दक्षिणेच्या भिंतीला लागले होते. नवखं घर, झोपेत वळलो असेन, म्हणून तो सरळ झाला.

डोळा लागला. पुन्हा जाग आली. पुन्हा भिंत.

या खेपेला घोंगडंही वळलं होतं. उशीसकट.

तो उठून बसला. कान देऊन ऐकलं. काही नाही... मग घोंगड्याचं टोक हळूच ताणलं गेलं. भिंतीकडं.

"कृष्णात?"

ताण तेवढा थांबला.

अंधारातच लालासाहेबानं हाक मारली, "आवं मावशी, जाग्या हायसा?"

"व्हय."

"कृष्णात गेला. माझ्या डोळ्यांदेखत."

म्हातारीचा आवाज आला, अगदी हळू. "वरीस झालं, दिव्याची वात आपसूक दक्षिणेच्या भिंतीकडं वळतीया. मी रोज उगवतीला फिरवून ठेवती... दमलं असंल रं माझं पोर."

ती उठली. दिवा लावला. स्वतःच्या हातानं वात दक्षिणेला केली, आणि वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

उजाडलं. दुष्काळानं वाडीत प्यायला पाणी नव्हतं. पण सारवलेल्या जमिनीवर पलटणीच्या बुटांचे ओले ठसे होते. भिंतीकडं निघालेले, भिंतीशी संपलेले.

लालासाहेबानं उंबऱ्यापासून सगळी जमीन वाकून वाकून पाहिली.

आत येतानाचा एकही ठसा नव्हता.