आतून लिंपलेली भट्टी

एक नोव्हेंबरचा दिवस मावळला होता. सेलिया रस्ता ओलांडून समोरच्या बाल्तझारकाकांकडे गेली ती आकडा मागायला. तापलेल्या भट्टीतून काळी मडकी ओढून काढायचा, लांब दांड्याचा लोखंडी आकडा. जुन्या खाणावळीचा तो आकडा काकांच्या गोठ्यात पडून आहे, असं तिला कळलं होतं.

काका दारात शेगडीवर चेस्टनट भाजत बसले होते.

"घेऊन जा की," ते म्हणाले. "कधी लागणार?"

"उद्या सकाळी. मडकी आज रात्रीच आत जातील."

काकांचा हात थांबला. शेगडीवर एक चेस्टनट फट्‌कन फुटलं.

"आज रात्री? नवऱ्याला हाक मार, पोरी."

दुआर्त आला तो बाह्या वर सारलेल्या, कोपरापर्यंत माती. भट्टीचं तोंड लिंपायची माती त्यानं दुपारीच मळून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली होती.

"काका, जे काय असेल ते लवकर सांगा. तासाभरात निखारे सारायचेत. बकरी सकाळपासून तांबड्या वाइनमध्ये पडून आहे. माझ्यापेक्षा जास्त प्यायलीय."

"बस रे, चक्रम. बकरी कुठं पळून जात नाही."

दाराबाहेर दगडी बाक होता. दुआर्त त्याच्या कडेला टेकणार तोच काका म्हणाले, "तिथं नको. इकडं सरक."

सेलियानं रस्त्यापलीकडे पाहिलं. धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता. पोर्तू शहरातली नोकरी सोडून दोघांनी ही बंद पडलेली खाणावळ चालवायला घेतली होती. उद्या दुपारी पहिलं जेवण. सगळं सोब्रालीन्यू गाव येणार, पलीकडची दोन गावंही. शांफाना, म्हणजे मातीच्या मडक्यात रात्रभर शिजणारी ही वाइनमधली बकरी, जमली तर माणसं परत येतील. बिघडली, तर या डोंगरात दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. तिला आता गोष्ट ऐकायची नव्हती. पण आकडा अजून काकांच्याच गोठ्यात होता.

काकांनी दोघांच्या ओंजळीत गरम चेस्टनट घातली आणि सावकाश सुरुवात केली.

तुमच्या आधी ही खाणावळ अदेलिनुची. आणि त्याच्या आधी एतेलविनामावशीची. भट्टी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी बांधलेली. नवरा गेला, गुडघे गेले, तेव्हा तिनं घर अदेलिनुला दिलं. एकच गोष्ट तोंडी ठरली होती, की मरेपर्यंत हिवाळ्याच्या रात्री ती भट्टीशेजारी बसणार. अदेलिनुनं सगळ्यांसमोर तिच्या हातावर हात मारला होता.

पहिला हिवाळा बसू दिलं. मग शहरातली गिऱ्हाइकं यायला लागली. अदेलिनुनं तिचा मोठा फोटो करून भिंतीवर लावला, दारावर पाटी लावली: 'एतेलविनामावशीची भट्टी'. आणि मावशीला म्हणाला, "मावशी, तुम्ही आता येऊ नका. तुमच्या कपड्यांना धुराचा वास येतो. लोकांना आवडत नाही."

मावशी फोटोकडे बघत राहिली. म्हणाली, "भिंतीवरच्या बाईला थंडी वाजत नाही, अदेलिनु. मला वाजते."

त्यानं कुलूप बदललं.

त्या हिवाळ्यात ती रोज संध्याकाळी इथं येऊन बसायची. याच बाकावर, त्या कडेला. आपल्या भट्टीचा धूर बघत. काका कितीदा म्हणाले, मावशी, आत या, शेगडी आहे. ती म्हणायची, "माझी ऊब तिकडं आहे. तुझी घेऊन काय करू?" जानेवारीत एका सकाळी ती इथंच बसलेली सापडली. दोन्ही हात काखेत. डोळे समोरच्या दाराकडे.

"उघडे?" सेलियानं विचारलं.

"उघडे."

त्या दिवशीसुद्धा अदेलिनुनं खाणावळ बंद ठेवली नाही. चर्चची घंटा वाजत होती आणि हा बटाटे वाढत होता. शवपेटी नेताना शेजारणी कुजबुजत होत्या. आदल्या संध्याकाळी मावशी त्यांना म्हणाली होती, "त्याच्या हातांना ऊब लाभायची नाही. माझ्या वाट्याची मी घेईनच."

"आता या गावातली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही," काका म्हणाले. "तुम्ही बाहेरचे. पण अदेलिनुला ठाऊक होती. तो इथलाच."

आजच्या रात्री सोब्रालीन्यूत भट्टी पेटवतात, पण आत काही ठेवत नाहीत. निखारे राहू देतात, दार उघडं, समोर एक स्टूल. गेलेली माणसं या एका रात्री हात शेकायला येतात. पूर्वी ज्याच्या घरी भट्टी, त्याच्या घरी हे व्हायचंच.

ते साल २०१९. आजचीच तारीख, शुक्रवार होता. खालून नदीवरून धुकं चढलेलं. दुसऱ्या दिवशी शांफानाची बिरादरी, म्हणजे या पदार्थाचा मान राखणारी मंडळी, जेवायला यायची होती. झगेवाली, पदकंवाली. अदेलिनुलाही झगा मिळणार होता. काका सांगायला गेले, तर हसला. "बाल्तझार, मेलेल्यांच्या नावानं जेवणाची पावती फाडता येत नाही."

त्यानं मडकी आत सारली. लोखंडी दार लावलं. भोवती माती लिंपली, अंगठ्यानं मातीवर क्रूस काढला आणि तिथंच खाटेवर पडला.

पुढचं त्यानंच सांगितलं. याच बाकावर बसून.

त्याला जाग आली ती थंडीनं. भट्टीच्या खोलीत उन्हाळ्यात उभं राहवत नाही, आणि त्याचे दात वाजत होते. त्यानं भिंतीला हात लावला. गार. आत अख्खी रात्र पुरेल एवढी आग, आणि भिंत गार.

मग आवाज आला.

चप... चप...

ओल्या मातीवर तळहात फिरावा तसा.

त्यानं दिवा लावला. खोलीत कोणी नव्हतं. त्यानं लिंपलेली माती खाली पडली होती. सगळी. भुगा होऊन.

चप...

आवाज भट्टीच्या आतून येत होता.

"काका..." दुआर्त म्हणाला. चेस्टनट त्याच्या हातात तसंच होतं.

अदेलिनुनं दार ओढलं. हलेना. दोन्ही तळहात दारावर टेकून त्यानं जोर लावला. लोखंड बर्फासारखं. आणि पलीकडून... आतल्या बाजूनं... दोन तळहात त्याच्या तळहातांना येऊन भिडले. मधे लोखंड. तरी त्याला बोटं कळत होती. एकेक बोट.

हात काढता येईनात.

त्याच्या हातांतून काहीतरी निघून चाललं होतं. सावकाश. कुणी घोट घोट पीत असावं तसं.

तो ओरडला नाही. क्षमा मागावी असं त्याला वाटलं. पण तिचं नाव तोंडातून येईना. जे नाव त्यानं दारावर रंगवून घेतलं होतं, तेच.

काकांनी शेगडीवरची चेस्टनट परतली. रस्त्यावर धुकं उतरत होतं.

"मग?" सेलिया म्हणाली.

पहाटेची घंटा झाली तेव्हा हात सुटले. सकाळी मडकी काढायला मदत म्हणून काका गेले, तर हा तसाच दारासमोर उभा. तळहात पांढरे. काकांनी पहारीनं दार उचकटलं. माती आतून लिंपलेली होती. कडेनं, नीट, गुळगुळीत. आणि त्या मातीवर क्रूस. त्याच्या आडव्या-उभ्या दोन्ही रेघांच्या मधोमध एक बारीक तिरपी चीर.

"मावशीच्या अंगठ्याला सुरीची जुनी चीर होती," काका म्हणाले. "आयुष्यभर तिच्या प्रत्येक क्रूसावर ती उमटायची. गावात कुणालाही विचारा."

मडक्यांत मांस कच्चंच. वर चरबीचा पांढरा थर. झगेवाली मंडळी आली, पाव-चीज खाऊन निघून गेली.

अदेलिनुनं पुन्हा चूल पेटवली नाही. निखाऱ्यावर हात धरला तरी त्याला कळायचं नाही. कातडी भाजून वास सुटायचा आणि हा म्हणायचा, गार आहे, गार आहे. डॉक्टर म्हणाले, रक्त नीट वाहतंय. रोज इथं येऊन बसायचा, त्या कडेला. गेल्या ऑगस्टमध्ये गेला. बाहेर उन्हानं पाइनची झाडं पेटत होती, आणि तो तीन घोंगड्यांखाली. दोन्ही हात काखेत.

काका उठले, गोठ्यातून आकडा आणून त्यांनी दुआर्तच्या हातात दिला.

"ठरवायचं तुम्ही. विस्तव तर आहेच. स्टूल नसेल तर माझं न्या."

दोघं रस्ता ओलांडून परत आले. भट्टी लालभडक झाली होती. मडकी ओळीनं तयार.

"म्हाताऱ्याचा वेळ जात नाही, दुसरं काय," दुआर्त म्हणाला. पण हळूच म्हणाला. "सेलिया, उद्या लोक येणार आहेत. काय वाढायचं त्यांना? गोष्ट?"

"मडकी पहाटे घालू. जेवण संध्याकाळी देऊ."

"आणि दुपारी आलेले परत जातील. पहिल्याच दिवशी! नाही. चल, माती आण."

सेलिया कोपऱ्यात गेली. मळलेल्या मातीवर गोणपाट तसंच होतं, कडांना दगड ठेवलेले. तिनं दगड बाजूला केले, गोणपाट उचललं.

गोणपाट तिच्या हातातच राहिलं. दुआर्त आकडा भिंतीला टेकवून जवळ आला.

गुळगुळीत ओल्या मातीवर क्रूस होता. दोन रेघा, आणि मधोमध बारीक तिरपी चीर.

"हे तू...?" तो म्हणाला.

सेलियानं त्याचा हात हातात घेतला आणि दिव्याखाली धरून त्याचा अंगठा पाहिला.

मग स्वतःचा पाहिला.

मग ती स्टूल आणायला गेली.