सोडणाऱ्याला सोडू नका

मावशीच्या ऑफिसात आलेली मुलगी खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. गावच्या दैनिकात ती पानं लावायची, म्हणून सगळे तिला पानवालीच म्हणत. संध्याकाळपर्यंत चूक कबूल कर, नाहीतर घरी बस, असं संपादकांनी तिला बजावलं होतं.

"कसली चूक?" मावशीने विचारलं. खासगी तपास करण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

"'गुदगुल्या' हे आमचं विनोदी सदर. त्यात नगराध्यक्षांची थट्टा होती. पाणी हवं असेल त्याने पाणी सोडणाऱ्या माणसाला आधी बक्षिसी द्यावी, असा त्यांचा खोटाच हुकूम. पेपरात वर सदराचं नाव आहे, पण फोनवर फिरलेल्या फोटोत ते नाही. लोकांना खरंच वाटलं. त्यांनी त्या गरिबाला गाठून हात मोडला. 'सोडणाऱ्याला सोडू नका' असं ओरडत मारत होते."

शेजारी बसलेल्या भाच्याचे कान गरम झाले. चाळिशी उलटलेला हा गृहस्थ मावशीची गाडी चालवायचा आणि उरलेल्या वेळात तिचं डोकं खायचा.

"तुझ्याकडे आला असेल ना रे तो फोटो? दाखव."

त्याने फोन पुढे धरला. खालच्या भागावर अंगठा दाबून धरला होता. वर मथळा होता, 'जाहीर सुचना'. पानवालीने पिशवीतून छापील अंक काढला. त्यात 'गुदगुल्या', आणि खाली 'जाहीर सूचना'. मावशीने दोन्ही शांतपणे पाहिलं आणि गाडी काढायला सांगितलं.

संपादकांच्या दारावर ठसठशीत अक्षरांत कागद चिकटवला होता, 'सुचना : दार हळू लावावे. – संपादक.' भाच्याने दार हळू लावलं.

आत संपादकांसमोर सदर लिहिणारे निवृत्त मास्तर मान खाली घालून बसले होते.

"जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलं," ते म्हणाले, "आणि म्हातारपणी माझ्या विनोदाने माणसाचा हात मोडला. मला तोंड दाखवायला जागा नाही हो."

"फोटो बनवायला हा मजकूर कुणाच्या हाती लागला असेल?"

"मी हाताने लिहून देतो, ही टाइप करते. बस."

"सर लिहितात तसंच लावते," पानवाली म्हणाली. "दुरुस्तीची वेळच येत नाही."

"पान हिच्याच कॉम्प्युटरवर असतं," संपादक म्हणाले. "सदराचं नाव उडवणारं दुसरं कोण?"

"पान कापलं असतं, तर नाव गेलं असतं, पण अक्षर बदललं नसतं," मावशी म्हणाली. "छापलेला 'सू' दीर्घ आहे आणि फोटोतला ऱ्हस्व. म्हणजे तो फोटो तुमच्या पानाचा नाहीच, कुणीतरी मजकूर नव्याने टाइप केलाय. मास्तरांच्या हातून ही चूक होणं शक्य नाही. हिने तर तोच शब्द बरोबर लावलाय. इथे 'सुचना' ऱ्हस्व लिहिणाऱ्या माणसाने दारावर स्वतःचा हुद्दाही लिहून ठेवलाय."

संपादकांनी चष्मा काढला.

"सदर कुणी वाचत नव्हतं," ते म्हणाले. "म्हटलं, नाव काढून फोनवर फिरवलं तर गावात चर्चा तरी होईल. खापर हिच्यावर फोडताना मात्र मला सगळं कळत होतं."

त्यांनी पानवालीची माफी मागितली आणि खुलासा लिहायला कागद ओढला. नोकरी वाचली, पण ती काही हसली नाही.

भाच्याने अंगठा उचलला. फोटोखाली त्याची स्वतःची ओळ होती, 'पाणी सोडणाऱ्याला सोडू नका!' काय झकास कोटी जमली, म्हणून पानवाली येईपर्यंत तो स्वतःवर खूश होता. शरमेने त्याला मावशीकडे बघवेना.

"मावशी, ही ओळ माझी आहे. मीच पुढे पाठवली."

"ठाऊक आहे," मावशी हळूच म्हणाली. "घरच्या ग्रुपवर सगळ्यात आधी मीच हसले होते."

पानवालीने संपादकांच्या हातून कागद घेतला. 'खूलासा'मधला 'खू' तिने ऱ्हस्व केला.

"खाली कुणाकुणाची नावं घालू?" तिने विचारलं.