शेवटच्या बाकावरचा वेळ

बोरिवलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. परीक्षेबाहेरचं काहीतरी शिकवावं म्हणून गेल्या वर्षी मोठ्या माणसांसाठी रविवारचा वर्ग सुरू केला. विषय होता विश्वाची ओळख. चारकोपच्या सेक्टरमधल्या एका बैठ्या घराची खोली मिळाली. खांद्यापर्यंत गुलाबी ऑइलपेंट, वर पोपडे आलेला चुना, एक पंखा, चार लाकडी बाकं. वेळ सकाळी दहा ते बारा. नऊ जण आले.

त्यातल्या सगळ्यात हुशार पेट्रिशियाबाई. वय एकसष्ट, रिटायर्ड नर्स, जवळच्याच गावठाणात राहायच्या. मुलगा शेर्विन त्यांना बाइकवरून सोडायचा. उजवा गुडघा वाकत नसे, म्हणून पाय लांब करता येईल अशा कोपऱ्यातल्या शेवटच्या बाकावर त्या एकट्या बसायच्या.

पहिल्या रविवारी मी वेळेबद्दल बोललो. सगळ्यांची घड्याळं एकाच चालीने चालत नाहीत. जमिनीजवळचं घड्याळ गच्चीवरच्या घड्याळापेक्षा किंचित हळू चालतं. पण हा फरक इतका बारीक, की वीस मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये वर्षभरात तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकाही होत नाही.

"मग माझं घड्याळ बघा सर," बाई हसत म्हणाल्या. "बारा वाजले ना? माझ्यात बारा चाळीस."

"सेल बदला," मी म्हणालो. सगळे हसले.

दुसऱ्या रविवारी त्यांनी सगळ्यांसाठी फुगे आणले होते, त्यांच्याकडे करतात ते गोल, तळलेले, गोडसर पाव. डबा दोन तास त्यांच्या शेजारी बाकावर होता. वर्ग संपल्यावर त्यांनी झाकण उघडून तो पुढे पाठवला. धोंडिराम परब, गिरणीतून सुटून पुढे वॉचमनकी केलेले वेंगुर्ल्याचे म्हातारे, त्यांनी न बघताच एक तोंडात टाकला. मीही एक चावला. आत तार सुटली होती. जिभेला काहीतरी केसाळ लागलं. मी हातातला अर्धा तुकडा पाहिला. आतून तो हिरवा होता आणि बुरशीचे केस ओलसर उभे होते.

परब मोरीकडे धावले. त्यांच्या ओकण्याचा आवाज खोलीभर ऐकू येत राहिला.

"आईशप्पथ सर, सकाळी सहाला तळले," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा शरमेने लाल झाला होता. "चर्चमध्ये मिसाला जायच्या आधी. शेर्विनने गरम गरम खाल्ले."

परब तोंड पुसत बाहेर आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "सर, त्या कोपऱ्यात कायतरी आसा. बाईंका थंय बसवू नकात."

मी त्यांना दमट हवेबद्दल दोन वाक्यं ऐकवली. ती चव मात्र दोन दिवस दाढेमागे राहिली.

तिसऱ्या रविवारी मी बाईंकडे नीट पाहिलं. केस आदल्याच दिवशी रंगवल्याचं त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं, कारण संध्याकाळी नात्यात एंगेजमेंट होती. बाराला त्या उठल्या तेव्हा भांगाच्या दोन्ही बाजूंनी मोहरीच्या दाण्याएवढी पांढरी मुळं दिसत होती. नर्सच्या सवयीने आखूड कापलेली नखं बोटांबाहेर आली होती, आणि त्यांखाली काळी रेघ. अंगाला वास होता, बरेच दिवस आंघोळ न झालेल्या आजारी माणसाचा. त्यांना स्वतःला तो येत नसावा.

"ड्रेस ढिला झालाय बघा," त्या खुशीत म्हणाल्या. "दोन तास तुमचं ऐकते आणि वजन उतरतं. भूक काय लागते पण!"

म्हणजे त्यांच्या मनाला दोन तासच कळत होते. मी शिकवत होतो त्यात हे कुठेच बसत नव्हतं. घड्याळ हळू चालो की भरभर, ज्याचा वेळ त्याला तो नेहमीसारखाच वाटतो, आणि तो त्याने जगलेला असतो. इथे मात्र शरीर एकटंच पुढे जात होतं.

बुधवारी दुपारी मी एकटाच गेलो. तारीख दाखवणारी दोन डिजिटल घड्याळं आणि एकाच पिशवीतलं दूध दोन वाट्यांत घेतलं. एक जोडी माझ्या टेबलावर ठेवली, दुसरी शेवटच्या बाकावर. दार लावलं, जाळीच्या खिडक्या तपासल्या आणि टेबलापाशी बसलो.

दहा मिनिटांत बाकावरच्या दुधाची साय पिवळी पडली. मग ती फुगली आणि फुटली. आंबूस वास आधी आला, त्यामागून मेलेल्या उंदराचा. नाकावर रुमाल धरून मी जवळ गेलो, तेव्हा वाटीत पांढरं काहीतरी वळवळत होतं. टेबलावर चाळीस मिनिटं झाली होती. बाकावरच्या घड्याळात शनिवार होता.

वाटी मी गटारात ओतली. हात तीनदा धुतले. आणि मग वहीत आकडे लिहिले.

त्याच वेळी पेट्रिशियाबाईंना फोन करायला हवा होता. नंबर माझ्याकडे होता. पण दुधावरून काय सिद्ध होतं? मला जिवंत माणसाचं मोजमाप हवं होतं, फक्त एका रविवारचं. कुठल्या परिषदेत हे मांडायचं याचाही विचार मी करून ठेवला होता.

चौथ्या रविवारी बाई आत येताच वर्गाचे फोटो काढतोय म्हणून मी त्यांच्या भांगाचा आणि हातांचा फोटो काढून घेतला. त्यांनी हसून पोज दिली.

त्या दिवशी विश्वाच्या प्रसरणावरची वीस मिनिटांची फिल्म दाखवायची होती. मी खिडक्यांवर काळे कागद लावले होते.

"पुढे येता का बाई? मागून नीट दिसणार नाही," धोंडिराम म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, येऊ का पुढे?"

"बसा तिथेच," मी म्हणालो. "दिसतं."

मी दिवा बंद केला. पडद्यावर दीर्घिका एकमेकींपासून लांब जाऊ लागल्या. कुणीही दुसऱ्याला ढकलत नाही, मधली जागाच ताणली जाते, असं मी सांगत होतो.

चारएक मिनिटं झाली असतील. मागून बाईंनी विचारलं, "सर, मग आपण का नाही ताणले जात?"

मी उत्तर दिलं. त्यांनी "हं" केलं.

मग वास आला.

आधी मला वाटलं बाहेरचं गटार असेल. कुणीतरी खोकलं, कुणीतरी "शी" म्हणालं. मला तो वास ओळखू आला होता. तरीही मी फिल्म थांबवली नाही. हेही सांगायला हवं.

एक माशी पडद्यासमोरून गेली. मग पाच-सहा. मग पडद्यावरच्या तारकांत त्यांच्या सावल्या सगळीकडे फिरू लागल्या.

धोंडिरामांनी दिवा लावला.

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय लांब केलेला. चेहरा फुगून हिरवट-काळा झाला होता आणि बाकाखाली काहीतरी ठिबकत होतं.

कुणी ओरडलं नाही. सगळे ओकत होते.

डॉक्टरांनी मृत्यूला चार ते पाच दिवस झाल्याचं लिहिलं. आम्ही नऊ जणांनी सांगितलं की पावणेअकराला त्या बोलत होत्या. पोलिसांनी आम्हाला वेडे ठरवलं नाही, पण शेर्विनला तीन वेळा चौकशीला बोलावलं.

तो माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला. "सर, साडेनऊला मी सोडलं ना मम्मीला. तिने मला बाय केलं. ते विचारतात, बॉडी घरात किती दिवस ठेवलीस? तुम्हाला काय माहीत असेल तर सांगा ना."

"मला काही माहीत नाही रे," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी वही जाळली. स्वतःच्या थुंकीचीही किळस वाटत होती. पुढे केस थंडावली. शेर्विन वसईला गेल्याचं कळलं.

मागच्या महिन्यात, सात महिन्यांनी, मी पुन्हा चारकोपला गेलो. त्या खोलीवर नवी पाटी होती, पाळणाघराची. दार उघडं होतं. सपना नावाच्या तिशीतल्या बाई ते चालवतात. आत बाकं नव्हती. त्याच कोपऱ्यात मच्छरदाणी लावलेला पाळणा होता.

"तो पाळणा तिथून काढा," मी दारातूनच म्हणालो.

"का हो काका? तिथेच तर ही पोर शांत झोपते." त्यांच्या आवाजात जरा गोंधळ होता. "कोण तुम्ही?"

मी सरळ आत गेलो, मच्छरदाणी बाजूला केली आणि मुलीला उचलून दाराशी आणलं. आधी सहा महिन्यांची वाटली. जड लागली. अंगातलं झबलं काखेत घट्ट रुतलं होतं. ती रडली नाही. माझ्याकडे पाहून तोंड भरून हसली.

वर-खाली दातांची पूर्ण ओळ होती. मागे दाढासुद्धा.

सपनाबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बोटाने तिचा खालचा ओठ ओढून त्यांनी आत पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"सकाळी आली तेव्हा दोनच होते."