संत क्लेमेंटची विहीर

मध्य भारत सरकारात मी ओव्हरसीअर होतो, आणि विहिरींच्या बाबतीत कोणी मला शिकवू लागलं की माझं डोकं फिरायचं. १९५३च्या मे महिन्यात इंदूरबाहेरच्या एका कुष्ठाश्रमाची विहीर तपासायला गेलो. कोरडी ठणठणीत. तळाशी अखंड काळा पाषाण. ‘पाणी नाही’ असा अहवाल मी दिला की आश्रम बंद होणार होता, आणि तिथल्या चाळीस रोग्यांना दुसरं कोणी दारातही उभं केलं नसतं.

नर्स सुलोचनाबाईंनी मला प्रार्थनेच्या खोलीत सावलीला बसवलं. भिंतीवर एका दाढीवाल्या संताचं चित्र होतं. मानेला दोर, दोराला आकड्यांचं लोखंड.

“विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा गळ आहे हा,” मी म्हणालो.

“जहाजाचा नांगर आहे, साहेब. हे पोप क्लेमेंट. रोमच्या बादशहाने यांना दगडाच्या खाणीवर धाडलं. तिथले कैदी पाण्यासाठी कोसन्‌कोस चालायचे. यांनी एका जागी कुदळ मारली, झरा फुटला. मग बादशहाने नांगर बांधून समुद्रात बुडवलं.”

स्वतः कैदेत असून दुसऱ्याची तहान बघणारा माणूस! देवाधर्माशी माझा संबंध बेताचाच, पण मी टोपी काढून बाकावर ठेवली.

दारात सखुबाई उभी होती. इथलीच जुनी रोगी, समोरच्या कोणालाही ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणणारी.

“नांगर-बिंगर काही नाही, भिया. गळच आहे. बिचाऱ्यांच्या मानेत अटकलाय, काढून द्यायला पाहिजे ना!”

समुद्र तिने कुठून पाहिलेला असणार! तिच्या लेखी बुडालेला माणूस विहिरीतच असायचा. भर दुपारी, बोटं झडलेल्या हातांनी, तिने आश्रमाचा गळ कोरड्या विहिरीत सोडला. मला हसू आलं.

दोर ताणला गेला.

सकाळीच मी तळाशी उतरून आलो होतो. अडकण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

आम्ही तिघांनी मिळून ओढलं. चांगल्या धडधाकट माणसाएवढं वजन. अर्ध्यावर खण्‌कन आवाज झाला आणि दोर हलका पडला.

मग खालून पाण्याचा आवाज आला.

मी टेप सोडली. सतरा फूट पाणी. ओंजळभर प्यालो, गोड पाणी. अहवालात ‘पाणी आहे’ असं लिहिलं, आणि खोटं कशाला सांगू, आनंद झाला होता.

निघताना टोपी घ्यायला खोलीत गेलो.

चित्रात दोर होता. लोखंड नव्हतं.

दोराच्या टोकापासून भिंतीवर एक ओला ओघळ उतरला होता. मी त्याला बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

खारट.