खालच्या मशीनवर कोण होतं?

ज्यांना ही बनवलेली गोष्ट वाटेल, त्यांनी खुशाल तसं समजावं. मी पटवून द्यायला बसलेले नाही. मी जे पाहिलं तेवढंच लिहिणार आहे.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. गुरुवार होता. ठिकाण, ओटावाच्या कनाटा भागातलं माझ्या मोठ्या बहिणीचं घर.

आधी एक सांगते. आम्ही नागपूरचे बौद्ध. भूत, भानामती, करणी... असल्या गोष्टींना आमच्या घरात कधीच थारा नव्हता. मीही मानत नव्हते.

माझी ताई, धम्मप्रिया, सरकारी ऑफिसात नोकरी करते. तिचे मिस्टर, राजरत्न भाऊजी, त्याआधीच्या फेब्रुवारीत गेले. सकाळी घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होते. छातीत कळ आली आणि बर्फातच बसले. उठलेच नाहीत.

घरात उरल्या दोघी. ताई आणि भाऊजींची आई, कांताबाई. ताईची मुलगी जाई व्हँकुव्हरला शिकते.

ताईने ठरवलं, भाऊजींच्या जुन्या टी-शर्टची मेमरी क्विल्ट करायची. गोधडीच म्हणा ना. जाईला पाठवायची. भाऊजींनी एकही टी-शर्ट कधी टाकला नव्हता. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, भीमजयंतीचा निळा, चॅरिटी रनचे, कंपनीच्या पिकनिकचे. बेसमेंटमध्ये मशीन मांडली. टी-शर्टचे चौकोन कापले. कापड ताणलं जाऊ नये म्हणून मागून अस्तर इस्त्रीने चिकटवलं. जमिनीवर सगळे मांडून ठेवले.

मी ओकव्हिलला राहते. काम घरूनच असतं. ताईचा फोन आला, "कोमल, लॅपटॉप घे आणि आठवडाभर ये. मला एकटीला आवरत नाही."

मला वाटलं, क्विल्टबद्दल बोलतेय.

रविवारी पोचले. जेवण झाल्यावर ताईने किचनचं दार लोटून घेतलं.

"आई खाली जाऊन शिवतात," ती हळूच म्हणाली. "मी ऑफिसला गेले की. रोज संध्याकाळी येऊन बघते तर दोन-तीन चौकोन जास्त जोडलेले असतात. विचारलं की म्हणतात, मी नाही."

"मग शिवू दे ना त्यांना. मुलगाच होता त्यांचा."

"शिवण्याचं काही नाही गं. खोटं का बोलतात? की त्यांना आठवतच नाही? मेमरी तपासायला डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय. नाहीतर त्यांच्या दुसऱ्या मुलाकडे, गुणवंत भाऊजींकडे नागपूरला पाठवून देते. उद्या गॅस चालू ठेवून विसरल्या तर?"

मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी मी कांताबाईंना सहज विचारलं, "मावशी, गोधडी छान होतेय. तुम्ही शिवता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुलेही तिनं सांगितलं वाटते. मी नाही शिवत वो माय. तीच शिवते. दुपारची."

"ताई तर दुपारी ऑफिसात असते."

"तेच तं मी म्हणतो."

एवढं बोलून त्या टीव्हीकडे वळल्या.

मला वाटलं, ताईचं बरोबर आहे. डोकं साथ देत नाहीये यांचं.

पण मंगळवारी, बुधवारी मी लक्ष ठेवलं. मावशी जिन्याकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. माझी मीटिंग चालू असली, कानात हेडफोन असले तरी एक डोळा त्यांच्यावरच होता.

...आणि बुधवारी संध्याकाळी आणखी दोन चौकोन जोडलेले होते.

आता माझा संशय ताईवर गेला. ही रात्री गुपचूप शिवत असेल आणि म्हातारीवर ढकलत असेल. तिला इथून घालवायला. लिहायलाही कसंतरी वाटतंय, पण तेव्हा मनात हेच आलं.

मग तो गुरुवार.

ताई सकाळच्या बसने गेली. मी स्वतः खिडकीतून तिला बसमध्ये चढताना पाहिलं.

दुपारी मी डायनिंग टेबलवर काम करत होते. समोर सोफ्यावर मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. बाहेर ढग दाटले होते. चार वाजले नाहीत तोच अंधारायला लागलं होतं.

आणि खालून आवाज आला...

घर्रर्र...

थांबला.

घर्रर्र...

मशीन.

मी मावशींकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मेथीत होते.

त्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, "झाली सुरू."

मी उठले. फोन हातात घेतला आणि जिना उतरले.

खाली लाइट लागलेला होता.

मशीनवर ताई बसली होती.

पाठमोरी. राखाडी हुडी, केसांना तोच मोठा क्लिप. मान थोडी डावीकडे कलती. ती लहानपणापासून अभ्यासाला बसली की तशीच बसते. आपली सख्खी बहीण पाठीवरून ओळखायला चूक होते का?

मला हायसं वाटलं. हसूच आलं.

"ताई! कधी आलीस? दाराचा आवाजही नाही आला."

मशीन थांबली.

तिने वळून पाहिलं नाही. फक्त एक हात वर केला. थांब, एवढा टाका होऊ दे, असा.

...आणि माझ्या हातातला फोन वाजला.

स्क्रीनवर ताईचं नाव.

मी उचलला.

"कोमल, अगं राजमा भिजवायला विसरले. टाकशील का? मी साडेपाचची बस पकडते." मागे ऑफिसातलं बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी मोठ्याने हसलं. "हॅलो? कोमल?"

मी मान वर केली.

खुर्ची रिकामी होती.

जिना एकच. त्या जिन्यावर मी उभी. माझ्या बाजूने कुणीही गेलं नव्हतं.

मशीनचा छोटा दिवा जळत होता. सुईखाली गोधडी तशीच होती. मधला चौकोन नुकताच जोडलेला. दोरा अजून तोडलेला नव्हता.

तो चौकोन भाऊजींच्या टी-शर्टचा नव्हता.

मरून रंगाचा, पांढरी फुलं असलेला... तो ताईचा होता. तिचा नेहमीचा.

गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी. तिच्या मधोमध जिवंत माणसाचा कपडा.

संध्याकाळी ताई आली. तो चौकोन पाहिला आणि भडकलीच. "माझा चांगला टी-शर्ट कापला! आई, आता तरी कबूल करा!"

मावशी उठून आपल्या खोलीत गेल्या.

मीच बोलले. सगळं सांगितलं. हुडी, क्लिप, वर केलेला हात, तिचा फोन.

ताईने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग थंड आवाजात म्हणाली, "आईंनी तुलाही शिकवलं का?"

"ताई, माझ्या डोळ्यांनी..."

"पुरे."

त्या रात्री आम्ही दोघी बोललो नाही. निघताना मी म्हटलं, तो मधला चौकोन तरी उसवून टाक. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

डिसेंबरात तिने मावशींना नागपूरच्या विमानात बसवून दिलं.

त्यानंतर ताई बदलली.

वाईट नाही हो. उलट खूप गोड झाली. रोज फोन. आवाज मऊ. कधी चिडणं नाही, घाई नाही. जाईने मला फोन केला, "मावशी, इज मॉम ओके? शी इज सो... नाइस. इट्स वीअर्ड." क्विल्ट तिला अजून मिळालेली नव्हती. ताई म्हणते, संपली की पाठवीन. ताई हल्ली बेसमेंटमध्येच झोपते. तीच गोधडी पांघरून.

दोन आठवड्यांपूर्वी मी मावशींना नागपूरला फोन केला. स्पष्ट, नीट बोलत होत्या. गुणवंत भाऊजींनी त्यांना डॉक्टरला दाखवलं होतं. स्मरणशक्तीला काही झालेलं नाही.

मी विचारलं, "मावशी, परत याल का? ताई बोलावतेय म्हणे."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"कोमल, एक गोष्ट कोणालेच सांगितली नाही. ज्या दिवशी तिनं मले एअरपोर्टवर नेलं नं... गाडी निघाली तसं मी मागं वळून पाहिलं. घराले शेवटचं पाहावं म्हणून."

"मग?"

"खालची ती बारकी खिडकी आहे नं, जमिनीलगतची. तिच्यात धम्मप्रिया उभी होती. काचेवर दोन्ही हात ठेवून. रडत होती."

"आणि गाडी?"

"गाडीही तीच चालवत होती वो."

मी खुर्ची ओढून बसले.

"तूच सांग पोरी," मावशी म्हणाल्या. "मले सोडाले आली ती कोण, अन् घरात रायली ती कोण?"

मी हे आज का लिहितेय, तर सकाळी ताईचा मेसेज आलाय.

"शनिवारी ये ना. क्विल्टमध्ये एका चौकोनाची जागा आहे. येताना तुझा एखादा जुना टी-शर्ट घेऊन ये."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. जावं तर भीती वाटते...

न जावं, तर त्या खिडकीत रडत होती ती माझी बहीण असली तर?