अश्वमित्राचं खरं नाव

पालघरच्या पोस्टातलं डिंकाचं भांडं नेहमीसारखं सुकून गेलं होतं, आणि त्या भांड्यात बोट घालून एक उंच, सावळा तरुण वैतागून उभा होता. त्याचं पाकीट काही केल्या चिकटत नव्हतं.

चंद्रकांता साप्ताहिकाचं टपाल घ्यायला आली होती. तिची नजर सहज त्या पाकिटावर गेली... आणि तिथंच अडकली. टपोऱ्या अक्षरांत पत्ता होता – ‘श्री. अश्वमित्र, शर्यतींचे “जाणकार”, साप्ताहिक किनारवारा, पालघर.’

जाणकार या शब्दाला अवतरणचिन्हं होती. ती तिला चांगलीच झोंबली.

“इकडे द्या,” ती म्हणाली. “मी किनारवारातच काम करते. चिकटवायची गरज नाही, तिकिटाचीही नाही.”

त्यानं वळून पाहिलं. मग जरा जास्तच वेळ पाहिलं.

“नक्की पोचवाल? त्या म्हाताऱ्याच्याच हातात द्यायचं हं.”

“म्हातारा?”

“अश्वमित्र हो! साठी उलटलेला असणार. ‘घोड्याच्या डोळ्यांत बघा, तो आज पळणार की नाही ते तोच सांगतो’ – असलं दुसरं कोण लिहिणार?”

चंद्रकांतानं ओठ घट्ट मिटून घेतले. हसू दाबायला की राग, हे तिचं तिलाच कळेना. कारण हा म्हातारा अश्वमित्र ती स्वतः होती. वय वर्षं चोवीस.

१९८६ सालचा जानेवारी होता तो.

चंद्रकांता शिरगावची. तिचा बाप महादू तांडेल मासेमार मांगेल्याचा पोर, पण होडीत पाय ठेवला की त्याला उलट्या सुरू व्हायच्या. सगळा पाडा हसायचा. शेवटी सतराव्या वर्षी तो मुंबईला पळाला आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तबेल्यात कामाला लागला. सत्तावीस वर्षं त्यानं शर्यतीचे घोडे सांभाळले – खरारा केला, सुजलेले पाय रात्रंदिवस शेकले, पहाटे धावपट्टीवर फिरवले. एका बुजऱ्या घोड्याची लाथ गुडघ्यावर बसली तेव्हा लंगडत गावी परतला. समुद्राकडे पाठ करून बसायचा, लेकीला घोड्यांच्या गोष्टी सांगायचा आणि अधूनमधून रविवारी तिला रेसकोर्सवर न्यायचा.

चंद्रकांता मॅट्रिक झाली, वत्सलाबाईंच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली, आणि एका आठवड्यात पान रिकामं राहिलं म्हणून तिनं रविवारच्या शर्यतींवर लिहून दिलं. कुठला घोडा का जिंकेल, कुठला का नाही. त्या रविवारी तिनं सांगितलेल्या तीनपैकी दोन घोडे पहिले आले. तेव्हापासून दर शनिवारी ‘अश्वमित्र’ छापून यायचा. वत्सलाबाई स्वतः विधवा, एकटीनं छापखाना चालवणाऱ्या, तरी त्याच म्हणाल्या होत्या, “चंदे, बाईच्या नावानं रेसचं लिहिलं तर कोण वाचेल गं? मलासुद्धा लोक अजून ‘मालक महाशय’ म्हणून पत्र घालतात.”

घरी येऊन तिनं पाकीट उघडलं.

‘अश्वमित्र, तुम्ही छान लिहिता. पण शर्यतीत डोळे पळत नाहीत, पाय पळतात. मी चार वर्षांच्या वेळा मांडून ठेवल्या आहेत. घड्याळ बघा, काका. – कमलाकांत, पाम.’

काका! तिनं उशिरापर्यंत जागून त्याला उत्तर लिहिलं आणि शनिवारी छापलं – ‘पामच्या कमलाकांतांना घड्याळाचं फार कौतुक. पण कुठल्या जमिनीवर, किती वजन घेऊन, कुणाच्या अंगावर रेलत घोडा पळाला, हे घड्याळ सांगत नाही.’

मंगळवारी तो छापखान्यात हजर. बोईसरच्या एका कापड गिरणीच्या प्रयोगशाळेत तो रंग जुळवायचं काम करायचा आणि मंगळवारी त्याची सुट्टी असायची.

“टपालावर माझा विश्वास नाही,” तो म्हणाला. “तुमच्यावर आहे.”

“एवढ्यात?”

“तुम्ही पोचवलंत ना पत्र... काका भडकलेत माझ्यावर!”

तो मंगळवार गेला, पुढचा आला. प्रत्येक मंगळवारी एक पत्र, आणि पत्रापेक्षा लांब गप्पा. तो एक पैसा लावायचा नाही. गिरणीच्या कँटीनमध्ये आठ-दहा कामगार मिळून नुसते अंदाज बांधायचे, आणि ज्याचा बरोबर येई त्याचा आठवडाभर रुबाब. एका खेपेला त्यानं विचारलं, “तुम्हाला यातलं काही कळतं का हो?”

“थोडंफार,” ती म्हणाली आणि मुद्रितात डोकं घातलं.

“हसताय का?”

“शाई नाकाला लागली...”

“कुठं? – दिसत नाही.” तो वाकून पाहायला लागला, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

त्या दिवशी ती एसटीतून घरी येताना दोनदा स्वतःशीच हसली. शेजारच्या बाईनं टोपली मांडीवर ओढून घेतली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मोठी शर्यत होती. दोन हजार मीटरची, चौदा घोड्यांची. ‘नवाब पसंद’ नावाचा घोडा सगळ्यांच्या तोंडी होता. त्याआधीच्या मंगळवारी कमलाकांतनं आणलेलं पत्र वेगळं होतं. ते उघडं आव्हान होतं.

‘अश्वमित्रांनी एकदा तरी टोपणनावामागून बाहेर यावं. खऱ्या नावानं आपली निवड छापावी. शेजारी मी माझी छापतो. ज्याचा घोडा मागे राहील, त्यानं चारचौघांत हार मानावी.’

वत्सलाबाईंनी वाचलं आणि चष्मा काढला. “याला केराची टोपली दाखव.”

“नको,” चंद्रकांता म्हणाली. “छापू. आणि नावही छापू... माझं.”

“हरलीस तर? अख्खं बोईसर हसेल. म्हणतील, बाई होती म्हणून चुकली.”

“आणि आजवर बरोबर आलं, तेव्हा काय म्हणाले? म्हातारा मोठा हुशार! बाई, चुकायचं तरी माझ्या नावानं चुकू द्या.”

वत्सलाबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग आपल्या हातांनी मोठ्या टाइपाचा खण पुढे ओढला.

त्या रात्री बापलेक सुकाचं कार्ड घेऊन बसले. सुका शिरगावचाच, अजून तबेल्यात होता. कोण पहाटे कसा पळाला, कुणी दाणा न खाता तसाच टाकला, ते तो दर आठवड्याला कळवायचा. चंद्रकांता वाचत गेली, महादू डोळे मिटून ऐकत गेला.

“मौसमी,” शेवटी ती म्हणाली.

“मागल्या टायमाला चौथी आलेली ती?”

“चौथी आली, पण शेवटी सगळ्यांत जोरात येत होती. आपण दोघांनी पाहिलं ना, बाबा? शर्यत संपली, तिचा दम नव्हता संपला.”

महादूनं डोळे उघडले. “ल्ही,” तो म्हणाला. “पण त्या कॉपर स्टारला इसरू नको.”

शनिवारच्या अंकात छापून आलं – ‘नवाब पसंद ओळीनं तीन शर्यती जिंकला आहे, पण तिन्ही चौदाशे मीटरच्या आतल्या. उद्या दोन हजार मीटर आहेत आणि पाठीवर साठ किलो. शेवटच्या शंभर मीटरला त्याची ढांग आखूड होते, हे मी पाहिलं आहे. मौसमीच्या पाठीवर पन्नासच किलो आहेत आणि तिची आई लांब पल्ल्याची होती. माझी पहिली – मौसमी. धोका कॉपर स्टारचा.’ खाली ठळक अक्षरांत नाव होतं, चंद्रकांता महादू तांडेल, शिरगाव. शेजारच्या रकान्यात कमलाकांतची निवड – नवाब पसंद.

दुपारी तो आला. हातात अंक, चेहरा लालबुंद.

“तुम्ही... सहा आठवडे हसत होता माझ्यावर.”

“हसत होते,” ती म्हणाली. “पण पत्रं जपूनही ठेवत होते.”

“मी तुमच्यासमोर तुम्हालाच म्हातारा म्हणत होतो! सांगायचं नाही एकदा?”

“सांगितलं असतं तर तुम्ही भांडला असता माझ्याशी? असे... तोडीस तोड?” ती म्हणाली. “बाई म्हणून सांभाळून घेतलं असतं. मला ते नको होतं.”

त्यानं हातातल्या अंकाची घडी घातली, उलगडली.

“उद्या येताय ना रेसकोर्सवर?” तिनं विचारलं.

“येणार,” तो म्हणाला. “हरायला नाही.”

रविवारी महालक्ष्मीला ऊन लख्ख पडलं होतं. महादूनं धुवट सदरा घातला होता आणि गुडघा दुखत असूनही तो लेकीच्या पुढे चालत होता. शर्यतीआधी घोडे गोलात फिरवतात तिथं कठड्याला कमलाकांत उभा होता, मागे रजा टाकून आलेली कँटीनची सगळी फौज.

मौसमी समोरून गेली आणि महादूच्या कपाळाला आठी पडली. “मानंवर घाम सुटलाय गो हिच्या. येवढा नाय पायजे.”

चंद्रकांतालाही दिसलं होतं. नवाब पसंद मात्र तुकतुकीत, माजात चालत होता.

कमलाकांत तिच्या बाजूला सरकला. हळूच म्हणाला, “अजून वेळ आहे. निवड बदलायची असेल तर बदला. मी कुणाला बोलणार नाही... शप्पथ.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो टोमणा नव्हता. त्याला खरंच तिची काळजी वाटत होती, आणि एवढ्या गर्दीत, एवढ्या धास्तीतही तिला काहीतरी गोड टोचून गेलं.

“छापलंय ते छापलंय,” ती म्हणाली. “माझं नाव आहे त्याखाली.”

घोडे सुटले. नवाब पसंदनं पहिल्या झटक्यात आघाडी घेतली आणि कँटीनवाले नाचायला लागले. मौसमी बारावी होती. वळणावरही दहावी. चंद्रकांतानं कठडा इतका घट्ट धरला की बांगडी मनगटात रुतली. मग सरळ धावपट्टी आली – आणि शेवटच्या तीनशे मीटरला बाहेरच्या बाजूनं ती तपकिरी घोडी वाऱ्यासारखी निघाली. आठवी, सहावी, चौथी... नवाब पसंदची ढांग आखूड झाली, अगदी तिनं लिहिलं होतं तिथंच. मौसमी त्याला ओलांडून गेली!

पुढे एकच घोडा उरला होता. कॉपर स्टार. दोघं जोडीनं रेषेवर आले, आणि मौसमी मानभर मागे राहिली.

नवाब पसंद पाचवा.

“अरे कमलाकांत,” मागून कुणीतरी ओरडलं, “मॅडम जीत गयी रे!”

कमलाकांत वळला. सगळ्यांसमोर त्यानं डोक्यावरची टोपी काढली. “मी हरलो,” तो मोठ्यानं म्हणाला. “ऐका रे सगळे. घोडा कुठं थकणार तेसुद्धा यांनी आधी लिहून ठेवलं होतं. यांच्याएवढं घोड्यातलं मला कळत नाही.”

“मी पण पहिली म्हटलं होतं, आली दुसरी,” चंद्रकांता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती. “घाम दिसला तेव्हा धावायच्या आधीच तिची थोडी ताकद गेली होती. पुढच्या अंकात तसं लिहीन.”

तेवढ्यात खाकी कपड्यातले दोन-तीन म्हातारे लंगडणाऱ्या महादूला ओळखून धावत आले. तबेल्यातले जुने सोबती. “महादू! सुकानं सांगितलं, ही तुझी पोरगी लिवते?”

महादूला वाचता येत नव्हतं. पण पानावर नाव कुठं आहे ते त्यानं कालपासून पाठ केलं होतं. त्यानं अंक उलगडला आणि बरोबर त्या ठळक अक्षरांवर बोट ठेवलं.

“ह्ये तिचं. ह्ये मधलं माजं,” तो म्हणाला. “अख्ख्या तबेल्यात आपल्यातल्या कुणाचं नाव छापून आलं हाय काय कदी? वाच. मोट्यानं वाच.”

त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. समुद्राला घाबरलेला तो बाप त्या दिवशी रेसकोर्सवर असा उभा होता, जणू सगळे घोडे त्याचेच.

त्यानंतरच्या मंगळवारी कमलाकांत छापखान्यात आला नाही. चंद्रकांतानं दाराकडे चाळीस वेळा पाहिलं. संध्याकाळी घरी पोचली तर तो शिरगावच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपाशी उभा. आल्याला बराच वेळ झाला असावा. चपला हातात होत्या आणि पाय वाळूनं भरले होते.

“पत्र कुठाय?” तिनं विचारलं.

“नाही आणलं. आज सांगायचंय ते... छापण्यासारखं नाही.”

“मग सांगा.”

त्यानं किनाऱ्यावरच्या जुन्या किल्ल्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, बोंबलांकडे पाहिलं.

“मी मंगळवारची वाट बघतो,” शेवटी तो म्हणाला. “बुधवारपासून.”

वारा तिच्या पदराशी झोंबत होता. तिनं तो सावरला नाही.

“मी पण,” ती म्हणाली. मग थोडी थांबून, “पण एक आहे. उद्या गाव बदललं, घर बदललं, तरी शनिवारी पानावर हेच नाव छापणार मी. चंद्रकांता महादू तांडेल. बाबांच्या नावासकट.”

“हेच पाहिजे,” तो म्हणाला. “कँटीनमध्ये मी छाती काढून सांगणार – ही माझी बायको, आणि ही मला दर आठवड्याला हरवते.”

“दर आठवड्याला नाही हं. कधी कधी तू पण जिंकशील.”

तू म्हटल्याचं दोघांनाही एकदमच कळलं. तो हसला, आणि तिनं आपणहून त्याचा हात हातात घेतला.

घरापर्यंतची वाट पाड्यातूनच जात होती. सुकी मासळी गोळा करणाऱ्या बायकांचे हात थांबले, जाळी विणणारे पुरुष माना वर करून बघू लागले. कमलाकांत कावराबावरा झाला.

“सगळे बघतायत... सोडू का हात?”

“कशाला?” चंद्रकांता म्हणाली. “मी निवडलंय. बघू देत की.”

आणि ओट्यावर बसलेल्या महादूपर्यंत ती तशीच, सरळ मानेनं, त्याचा हात धरून चालत गेली.