तीनची प्रत चारवर

बदल १

इस्पितळातली जुनी डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून शेजारी नवी बसवली आणि डिस्कवर लिहिणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मीच बदलला. नोंद एक, लेखन दोन वेळा: आधी जुनीवर, मग नवीवर. एक गेली तरी दुसरी हाताशी. वॉर्डातले स्क्रीन नवीवरून वाचतात, कारण ती जलद आहे.

चाचणीसाठी एक ओळ घातली होती: नवीवर खाट चारच्या जागी तीनचीच प्रत लिही. तेव्हा चार रिकामी होती. ओळ काढायची राहिली.

सोमवारी चारवर बाबांना ठेवलं. हृदय.

बदल २ (केला नाही)

सोमवारी हाताने मोजलेली बाबांची नाडी एकशे अठरा होती; मंगळवारी स्क्रीनवर बहात्तर. तीनवरच्या सुताराचीही बहात्तर. अपेंडिक्स काढलेला, धडधाकट माणूस. मला माझी ओळ आठवली आणि हसू आलं. काढण्याआधी सहज बाबांचं मनगट धरलं, घड्याळ लावून मोजलं.

बहात्तर.

"काय रे," बाबा म्हणाले, "मला कापलं कधी?"

सदरा वर केला. पोटावर उजवीकडे चार टाके.

"त्यांना कोणी हात लावला नाही हो," सिस्टर म्हणाल्या. "मी इथेच होते."

बाबांनी त्या दिवशी दोन वेळा मागून खाल्लं. ओळ तशीच ठेवली.

बदल ३

बुधवारी डॉक्टरांनी सुताराला घरी जायला सांगितलं. तो गेला की तीनवर कोण येईल, कुठल्या अवस्थेत, काय नेम? मी त्याची डिस्चार्जची नोंद अडवून ठेवली.

गुरुवारी तो म्हणाला, "साहेब, बायकोचे दिवस भरलेत. घरात दुसरं माणूस नाही."

"सिस्टीम बंद आहे."

"कालही बंदच होती."

"मग आज काय नवीन विचारताय?"

पलीकडून बाबा म्हणाले, "जाऊ दे की रे त्याला."

बाबांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी सुताराला फोन आला. त्याने तो कानाला लावून बराच वेळ ऐकला. मूल वाचलं नाही. बाई एकटीच होती. त्याने चपला घातल्या आणि कोणाकडे न बघता निघून गेला.

डिस्चार्ज मी अडवला होता. खाट रिकामी झाल्याची साधी नोंदही अडवायला हवी, हे सुचलंच नव्हतं. सिस्टरनी टाइप केलं:

खाट ३: रिकामी.

बदल ४

मी खालच्या डिस्कच्या खोलीतून जिने चढून वॉर्डात आलो. चारवरची चादर ताणून खोचलेली. एक सुरकुती नाही.

"चार?" सिस्टर म्हणाल्या. "ती आठवडाभर रिकामीच आहे. का हो?"

आईला फोन लावला.

"वॉर्डात? कोणाला बघायला गेलास?" तिने विचारलं. मागे कुकरची शिट्टी झाली. "येताना दूध आण. एकच पिशवी, आपण दोघंच तर आहोत."

वॉर्डातल्या कॉम्प्युटरवरूनच ओळ काढली. काही झालं नाही.

मग जुनी डिस्क उघडली. तिच्यावर चारची जागा भरलेली होती. सिस्टर समोर हात बांधून उभ्या होत्या, कळफलकावर कोणी नव्हतं आणि नोंदी येत होत्या.

खाट ४: नाडी ११८.

खाट ४: नाडी १३१. मुलगा कुठे आहे, विचारतात.

खाट ४: पुन्हा विचारलं.

खाट ४: नातेवाईक कोणी नाही असं सांगितलं.